कळ की माऊस? कार्यालयीन संगणकाच्या वापराचा एक विचार

जून महिना उजाडला की जळगाव व धुळे जिल्ह्यांत दाखल्यांसाठी गर्दी सुरू होते. शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशाकरिता उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले लागतात आणि त्याच सुमारास खरिपाच्या पेरणीची धांदल असते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून किंवा साक्रीच्या डोंगराळ भागातून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस रांगेत गेला, तर त्याचा रोज बुडतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून देण्यात आली आहे. ती पाळताना खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हाताचा वेगही महत्त्वाचा ठरतो. मात्र त्याचा विचार क्वचितच केला जातो.

दोन मार्ग

संगणकाला आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे माऊसने टूलबारवरील चित्रावर टिचकी मारणे, आणि दुसरा म्हणजे कळफलकावरील दोन-तीन कळा एकदम दाबणे. या दुसऱ्या प्रकारास शॉर्टकट म्हणतात. टूलबार हा गावाबाहेरच्या दिशादर्शक फलकासारखा आहे. नवख्याला त्यावाचून वाट सापडत नाही. रोज ये-जा करणारा मात्र फलक वाचत थांबत नाही.

हे दोन मार्ग परस्परांचे वैरी नव्हेत. माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाती माऊस होता आणि डावा हात पाच कळांच्या एका लहान संचावर होता.

वेळेचा हिशेब

कार्ड, मोरन व न्यूवेल या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये संगणकावरील हालचालींचे कालमापन प्रसिद्ध केले. त्यानुसार सराईत टंकलेखकास एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माऊसकडे नेण्यास ०.४ सेकंद आणि पडद्यावरील जागा माऊसने गाठण्यास १.१ सेकंद लागतात. माऊसकडे जाणे, चित्र गाठणे, टिचकी मारणे व परत येणे यांत मिळून सुमारे दोन सेकंद जातात. दोन कळांचे काम ०.४ सेकंदात होते. दिवसातून अशा ५०० आज्ञा द्याव्या लागतात असे मानले, तर तेरा मिनिटांहून अधिक वेळ वाचतो.

याच मापनात आणखी एक आकडा आहे. कृतीपूर्वी मनाची जुळवाजुळव करण्यास १.३५ सेकंद लागतात. म्हणजेच कोणती कळ दाबावी हे आठवत बसावे लागले, तर लाभ जवळजवळ संपतो. म्हणून शेकडो शॉर्टकट पाठ करण्यात अर्थ नाही. रोजच्या कामातील मोजकेच हाती बसले पाहिजेत.

मराठी टंकलेखनाची जोड

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० शब्द असावा लागतो. हा वेग कमावलेला हात प्रत्येक आज्ञेसाठी माऊसकडे गेला, की लय तुटते. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. ‘जळगाव’ आणि ‘धुळे’ या दोन्ही नावांतील ‘ळ’ शिफ्टसह इंग्रजी ‘एन’च्या कळेवर मिळतो. विंडोज संगणकावर विंडोज व स्पेस या कळा एकदम दाबल्या की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. आणि कळफलक मराठीवर असतानाही कंट्रोलसह ‘सी’ने नक्कल व ‘व्ही’ने चिकटवणी सामान्यतः होतेच.

माऊसचे स्थान

नकाशा पाहणे, चित्र कापणे किंवा क्वचित लागणारी सोय शोधणे यांसाठी माऊसच योग्य होय. उलटपक्षी, दृष्टिहीन शिक्षक वा कर्मचाऱ्यास टूलबारवरील चित्रे निरुपयोगी असतात. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तो केवळ कळांवरच काम करतो. त्यामुळे जो अर्ज टॅबच्या कळेने भरता येत नाही, तो अशा व्यक्तीस बंद दारासारखा असतो. संगणकीय अर्ज तयार करून घेताना कार्यालयांनी ही गोष्ट आवर्जून तपासावी.

आरंभ कसा करावा

आठवड्यास दोन कळा, एवढाच क्रम पुरेसा आहे. प्रथम कंट्रोल-एस म्हणजे जतन करणे आणि कंट्रोल-झेड म्हणजे झालेली चूक मागे घेणे. वीज केव्हाही जाऊ शकते अशा ठिकाणी पहिलीचे मोल सांगावयास नको. त्यानंतर अर्जातील एका रकान्यातून पुढच्या रकान्यात नेणारी टॅब व मागे आणणारी शिफ्ट-टॅब शिकावी. मग यादीत नाव शोधणारी कंट्रोल-एफ आणि एक्सेलच्या तक्त्यात वरचीच नोंद खाली उतरविणारी कंट्रोल-डी घ्यावी. चोपडा तालुक्यातील लाभार्थींची यादी करताना ‘चोपडा’ हा शब्द शंभरदा टंकित करण्याची मग गरज उरत नाही.

शाळेतील संगणक शिक्षकांनी, तसेच ग्रामपंचायतीच्या केंद्रचालकांनी या कळांची छोटी यादी संगणकाशेजारी लावावी. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही की नवे यंत्र. वाचलेली मिनिटे कार्यालयाच्या हिशेबात दिसणार नाहीत. परंतु रांगेतील शेवटच्या माणसाची परतीची एस. टी. चुकली नाही, तर ती सार्थकी लागली असे म्हणता येईल.