आधी पाणी मोजू, मग वाफा आखू



महाशिवरात्र आली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. थंडी गेली की उन्हाळी भाजीचा हंगाम सुरू होतो. आज आपण बोलणार आहोत उन्हाळ्यातल्या परसबागेबद्दल. हे बोलणं खास करून आपल्या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या, माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला अशा भागातल्या बायांसाठी आहे.

चैत्र-वैशाखात बाजारातली भाजी कमी होते आणि भाव चढतो. मग घरात पिठलं, आमटी आणि ठेचा यांवर दिवस निघतात. थोडी भाजी केलीच, तर ती आधी पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात जाते. आपण शेवटी जेवायला बसतो, तेव्हा कढईत रस्सा उरलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. म्हणून दाराशी भाजी असणं ही हौस नाही, गरज आहे.

पण परसबाग म्हटलं की गटातल्या बाया लगेच विचारतात, “प्यायला पाणी नाही, तिथं भाजीला कुठून आणू?” प्रश्न बरोबर आहे. हंडा शेवटी आपल्याच डोक्यावर येतो. म्हणून आम्ही एकच नियम सांगतो: परसबागेसाठी एक हंडाही जास्त आणायचा नाही. घरात येऊन वापरलेलं पाणी जेवढं असेल, तेवढीच बाग करायची. त्यासाठी आधी ते पाणी मोजायला हवं.

पाण्याचा हिशेब

समजा, घरात पाच माणसं आहेत आणि प्रत्येकाला आंघोळीला एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी लागतं. हे झालं ७५ लिटर. भांडी विसळायला आणखी २० लिटर. एकूण ९५. थोडं सांडतं, थोडं मुरतं. तरी ८० लिटर हाताशी राहतं.

आता खर्च बघू. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब वाफ्याला वैशाखातल्या कडक उन्हात दिवसाला साधारण एक बादली, म्हणजे १५ लिटर लागतं. एका वेलाला ५ लिटर धरा. तीन वाफ्यांचं ४५ लिटर आणि चार वेलांचं २०, असं ६५ झालं. उरलेलं १५ लिटर शेवगा, कढीपत्ता आणि अळवाला. एवढ्यातच आपली बाग बसते.

जिथं टँकर येतो आणि आंघोळ अर्ध्या बादलीत उरकावी लागते, तिथं दोन वाफे आणि दोन वेल पुरेत. फाल्गुनात उत्साहाने दहा वाफे करून वैशाखात आठ वाळू देण्यापेक्षा दोनच जगवलेले बरे.

कोणतं पाणी कुठं घालायचं

सगळं सांडपाणी सारखं नसतं. न्हाणीचं पाणी साबणाचं असलं तरी त्यात साबण थोडा असतो, ते चालतं. कपडे धुतलेल्या पाण्यात पावडर आणि सोडा असतो. तो जमिनीत साठला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. ते पाणी बागेला नको. लंगोट धुतलेलं पाणीही नको.

भांड्यांच्या पाण्यातलं खरकटं आणि तेल आधी अडवायला हवं. मोरीच्या तोंडाशी एक छोटा खड्डा घ्या. त्यात खाली खडी, वर जाड वाळू आणि सगळ्यात वर नारळाच्या शेंड्या ठेवा. शेंड्या दर आठवड्याला बदला. खड्ड्यातून निघालेलं पाणी आधी अळू, कर्दळ किंवा केळीजवळून जाऊ द्या आणि मग वाफ्याकडे वळवा. न्हाणीच्या पाण्यावर अळू लावायची आपली जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

हे पाणी बुंध्याशीच घालायचं, पानांवर शिंपडायचं नाही. रात्रभर साठवायचंही नाही. त्याला वास येतो, डास होतात. कोथिंबीर, काकडी असं जे आपण कच्चं खातो, त्याला डाळ-तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी राखून ठेवा.

माठातलं शिळं पाणी आपण रोज ओतून देतो. त्याचाही उपयोग आहे. न रंगवलेलं जुनं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. त्यात हे पाणी भरून वर झाकण ठेवा. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि थेट मुळांना मिळतं. मडक्याभोवती वीतभर अंतरावर दुधी किंवा दोडक्याच्या तीन-चार बिया लावा. या मडक्यात साबणाचं पाणी मात्र कधीच घालू नका, त्याची भोकं बुजतात.

वाफा कसा करायचा

पावसाळ्यात आपण उंच गादीवाफा करतो, कारण तेव्हा पाणी काढून द्यायचं असतं. उन्हाळ्यात उलटं करायचं. वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल ठेवायचा आणि कडेला बांध घालायचा. घातलेलं पाणी तिथंच मुरतं. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

एका वाफ्याला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत घाला. ताजं शेण घालू नका. त्याने उष्णता वाढते आणि हुमणी, वाळवी येते. चुलीची राख आपल्या काळ्या जमिनीत जास्त घालायची गरज नाही. ही जमीन मुळातच खारवट अंगाची असते.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन घ्याव्यात. तळाला भोकं पाडून माती आणि शेणखत अर्धं-अर्धं भरावं. माठ, मिरची, वांगी गोणीत चांगली येतात. शेळ्या-कोंबड्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्यांचं कुंपण पुरतं.

काय, कधी पेरायचं

शिवरात्रीपासून होळीपर्यंत भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी आणि कारली लावून घ्या. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. कारली आणि दुधीचं बी कडक असतं, ते पूर्ण एक दिवस भिजवलं तरी चालतं. भेंडी, गवार पेरल्यावर साधारण दीड महिन्याने तोडणीला येते. म्हणजे भाव चढतात तेव्हा आपली भाजी चालू होते. तीन बाय सहाच्या वाफ्यात भेंडीची बारा झाडं बसतात. चांगली लागली तर घरापुरती भाजी आठवड्यातून दोनदा निघते. मात्र भेंडी दिवसाआड तोडायलाच हवी. जून झालेली भेंडी झाडावर राहिली की नवी धरत नाही.

तिसरा वाफा पालेभाजीचा. उन्हाळ्यात पालक आणि मेथी लवकर फुलावर येतात. त्याऐवजी माठ, तांदुळजा, राजगिरा घ्या. बी बारीक असतं, म्हणून वाळूत मिसळून फेका. महिन्याभरात भाजी हाताशी येते. सगळा वाफा एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी अर्धा पेरा, म्हणजे भाजी तुटत नाही.

टोमॅटोचा हट्ट मात्र धरू नका. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही.

गुढीपाडव्यानंतर नवीन फळभाजी लावू नका. तोवर जे रोप मुळं धरून उभं राहिलं, तेच वैशाखाचं ऊन सोसतं.

ऊन आणि किडी

सगळ्यात जाच होतो तो दुपारनंतरच्या उन्हाचा. म्हणून आडोसा वाफ्याच्या पश्चिमेला करा. चार काठ्या रोवून जुनी साडी बांधली तरी पुरते. त्याच बाजूला शेवगा लावला तर पुढच्या वर्षीपासून सावलीही होईल आणि पालाही मिळेल.

माती उघडी ठेवू नका. पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड यांचा चार बोटं जाड थर बुंध्याभोवती पसरा. माती थंड राहते, पाणी उडून जात नाही, गवतही कमी येतं. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घाला.

वेलाला फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुलं असतात. मादी फुलाच्या मागे छोटंसं फळ दिसतं. कडक उन्हात नर फुलं जास्त येतात आणि मधमाश्या कमी फिरतात. अशा वेळी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच लावा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारली आणि भोपळ्याची सकाळी. त्या-त्या वेळीच हे काम करा.

वेलांवर लाल भुंगेरे आले तर सकाळी लवकर ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा. पानांवर थोडी राख धुरळा. मावा, पांढरी माशी यांसाठी निंबोळी अर्क वापरा: ५० ग्रॅम सुक्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा आणि थोडा साबण मिसळा. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारा. पिवळ्या डब्याच्या पत्र्याला एरंडेल लावून वाफ्यात टांगला की उडणाऱ्या बारीक किडी त्याला चिकटतात. भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी दिसू लागली तर ते झाड उपटून लांब टाका. तो रोग पांढरी माशी पसरवते.

एक इशारा लक्षात ठेवा. दुधी चिरल्यावर जिभेच्या टोकाला लावून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि तो दुधी टाकून द्या. कडू दुधीची भाजी किंवा रस पोटात गेला तर विषबाधा होते.

बियाणं घरचंच

दुकानातल्या संकरित बियाण्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर तसंच पीक येईल याची खात्री नसते. देशी वाणाचं बी मात्र दरवर्षी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच देशी बियाणं जपलं आणि बायकांमध्ये वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी केलं ते काम आपला गट आपल्या गावापुरतं करू शकतो. गटात दहा जणी असतील तर प्रत्येकीने एकेका भाजीचं बी धरायचं. सगळ्यात चांगल्या झाडावरचं पहिलं-दुसरं फळ बियाण्याला राखायचं, पूर्ण वाळू द्यायचं, बी राखेत घोळून मडक्यात बंद ठेवायचं. अक्षय्य तृतीयेला पावसाळी वेलांसाठी आळी करताना बी आपापसात वाटून घ्यायचं.

ताटात येईपर्यंत

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की बाईच्या जेवणात रोज १०० ग्रॅम पालेभाजी हवी. हे माप शिजवायच्या आधीचं. माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांवर लिंबू पिळून खा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं, म्हणून तासभर थांबा. आणि भाजी कढईतून सगळ्यांना वाढतानाच आपली वाटीही भरून बाजूला ठेवा. नंतर उरलेली घेऊ म्हणालो, की उरत नाही.

आणखी एक. वाफा खणणं, कुंपण करणं आणि न्हाणीचं पाणी वळवणं ही कामं घरातल्या सगळ्यांची आहेत. ज्याची आंघोळ, त्याने आपली बादलीभर पाण्याची वाट वाफ्याकडे काढून द्यावी. पोरांना हे काम आवडतं, पुरुषांनाही जमतं. बागेची सगळी कामं एकटीवर पडली तर ती बाग वैशाखापर्यंत टिकत नाही.

तर सख्यांनो, या आठवड्यात एकच काम करा. तीन दिवस आपल्या घरात आंघोळीला आणि भांड्यांना किती बादल्या पाणी लागतं ते मोजा आणि भिंतीवर कोळशाने रेघा ओढा. गटाच्या पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या. कुणाचे किती वाफे, कुणाकडे कोणतं बी, हे तिथंच ठरवू. होळीच्या आत बी मातीत पडलं पाहिजे.