हृदयपेशीची डागडुजी

जागतिक हृदयदिनानिमित्त कोलेस्टेरॉल, तेल-तूप आणि अँजिओप्लास्टी यांविषयी वाचकांना जे उपदेशामृत पाजण्यात येते त्याची पुनरुक्ती येथे नको. रक्तवाहिनीतील अडथळ्याच्या गजबजाटात ज्याचा सहसा उच्चारही होत नाही, ते हृदयस्नायूच्या पेशीचे आवरण मला अधिक मननीय वाटते.

दिवसाकाठी सुमारे १ लक्ष वेळा आकुंचन पावणाऱ्या या पेशीचे आवरण ताणाने अधूनमधून फाटते, आणि बाहेरचे कॅल्शियम आतल्याच्या सुमारे १०,००० पट असल्यामुळे ते छिद्र त्वरित बुजले नाही तर पेशीचा अंत ओढवतो. त्यातच, अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बनच्या आधारे स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, ऐन पंचविशीतही वर्षाला जेमतेम १ टक्का हृदयपेशी नव्या होतात. तेव्हा आहेत त्याच सांभाळणे प्राप्त आहे.

या डागडुजीचा एक कारागीर आयोवा विद्यापीठातील केविन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये उजेडात आणला, आणि त्या प्रयोगाची रीत खरोखर देखणी आहे. उंदराच्या स्नायुतंतूला लेझरने सूक्ष्म जखम करावयाची, आणि पेशीत शिरून आतल्या पटलांना चिकटला म्हणजे चकाकणारा रंग भोवतीच्या द्रवात मिसळावयाचा: निरोगी तंतूत ती चकाकी थोडी वाढून थबकली, पण डिस्फर्लिन हे प्रथिन नसलेल्या तंतूत ती पसरतच राहिली. कौतुक असे की घातक म्हणून ज्याची धास्ती, त्या आत घुसणाऱ्या कॅल्शियमचीच वर्दी मिळून डिस्फर्लिन कामास लागते व आतल्या पुटिका भोकावर आणून बसविण्यास साह्य करते. याच्या अभावी हातपाय लुळे पडतात हे वैद्यांना ठाऊक होते. २००७ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखविले की अशा उंदरांना श्रम करविले असता त्यांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेलाही इजा होते.

पुढे २००९ मध्ये जियानजिए मा यांनी एमजी-५३ हे दुसरे दुरुस्ती-प्रथिन पुढे आणले आणि ते टोचून हृदय सावरण्याच्या तजविजी सुरू झाल्या. माझा उत्साह मात्र येथे आवरता होतो. कारण २०१३ मध्ये बीजिंगच्या रुईपिंग शियाओ यांनी अशी फिर्याद मांडली की हेच प्रथिन स्नायूंत अतोनात वाढले तर इन्शुलिनची आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रथिनांचा फडशा पाडते व उंदरांस मधुमेहाच्या वाटेस लावते. मा यांच्या गटाने २०१९ मध्ये रक्तात एमजी-५३ विपुल असलेले उंदीर धडधाकट असल्याचा व त्यांची साखर बिघडली नसल्याचा प्रतिपुरावा दिला खरा. पण स्नायूतील वाढ निराळी आणि रक्तातील निराळी, त्यामुळे या पुराव्याने मूळ फिर्याद निकालात निघाली असे मला वाटत नाही.