सराफ्यातला गरम दोना

“प्रवासात बाहेरचं काही खायचं नाही!” आमच्या घरातला हा कायदा माझाच. चार वर्षांपूर्वी एका स्टेशनावर धाकट्यानं उघड्यावरची चिरलेली फळं खाल्ली आणि घरी आल्यावर दहाव्या दिवशी तापानं फणफणला. टायफॉइड निघाला. सहामाही परीक्षा बुडाली, पोर काडीसारखं झालं. तेव्हापासून दशम्यांचा नि तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा गाडीत सदैव माझ्या मांडीवर. हे थट्टा करतात, पण रात्र रात्र उशाशी बसले होते मी!

गेल्या नाताळच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन त्यांच्या माहेरी, इंदूरला गेलो. पहिल्याच रात्री जेवणाच्या वेळी आई शाल पांघरून दारात उभ्या! “आज मी घरी जेवणार नाही. मला सराफ्यात न्या.” वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, बरं का.

राजवाड्याजवळचा हा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच पायऱ्यांपुढं खाण्याच्या गाड्या लागतात, त्या थेट मध्यरात्र उलटेपर्यंत. आयती राखण होते म्हणून सराफांनीही हे चालू दिलं, असं तिथं सांगतात. पण आईंच्या लहानपणी मुलींनी रात्री तिथं जायचं नाही, अशी घरची शिस्त. त्यांचे दादा जाऊन दोना बांधून आणायचे. “घरी येईस्तोवर सगळं गार व्हायचं गं. इंदुरात जन्मले, पण सराफ्यातलं गरम कधी खाल्लं नाही!”

आता यावर मी काय बोलणार? निघाले, पण स्वयंपाकघरातले डोळे उघडे ठेवून. कढईतलं तेल काळं पडलंय का, नोटा मोजलेलाच हात दोन्याला लागतोय का, गिऱ्हाईक भराभर येतंय की माल पडून आहे, हे आधी पाहिलं. विस्तवावरून थेट हातात येईल तेच घ्यायचं. पातळ चटण्या, बर्फ आणि पाणी बंद. पाण्याची बाटली घरची. विषमज्वराचे जंतू दूषित पाण्यातून नि अस्वच्छ हातांतूनच तर येतात. पाणीपुरीपुढं धाकटा रेंगाळला, पण मी बधले नाही.

बाकी चंगळच झाली! थंडीत मिळणारा गराडू म्हणजे एक कंद. त्याच्या फोडी दोनदा तळतात, वर मसाला नि लिंबू. साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी कढईत परतत नाहीत. वाफेवर ठेवलेल्या साबुदाण्यात शेव-चिवडा, मसाला, लिंबू ऐनवेळी कालवून देतात. माझ्या मनात मात्र भरला तो भुट्ट्याचा कीस. घरी येऊन दोनदा केला. कोवळी चार कणसं किसायची. दोन चमचे तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची घालून कीस मंद आचेवर खरपूस परतायचा. मग कपभर दूध घालून ते आटेपर्यंत हलवत राहायचं. मीठ, चिमूटभर साखर, वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरं. दूध घालायची घाई केलीत, तर मात्र कीस चिकट होतो.

पोट कुणाचंच बिघडलं नाही. तरी पिशवीत साखर-मीठ होतंच! उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर नि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं प्रमाण पाठ असू द्या. चमचा चहाचा.

आईंनी खोपरा पॅटीस घेतलं. खोबऱ्याचं सारण भरलेलं, कढईतून नुकतं काढलेलं. फुंकर घालून पहिला घास घेतला, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं म्हणाल्या.

निघताना त्यांनी आणखी दोन पॅटीस बांधून घेतले.

“आता कुणाला?”

“दादाला. त्याला कुठं आता जिना उतरवतंय? चल, रिक्षा कर लवकर. गार होतील.”