वाळ्याचे कूळ कोणते?

वळवाचा पाऊस पडून गेला, की भोर-वेल्ह्याकडील घरांतून न्हाणीच्या मोरीपाशी किंवा तुळशीवृंदावनाच्या कडेस एखादा काळसर, चकचकीत, जेमतेम वीतभर लांबीचा जीव वळवळताना आढळतो. कोणी त्यास गांडूळ समजतो, कोणी नागाचे पिलू म्हणून ठेचतो. वस्तुतः तो पूर्ण वाढ झालेला साप असून त्याचे नाव वाळा. अंगावरचे बारीक खवले आणि वारंवार बाहेर येणारी चिमुकली जीभ पाहिली, म्हणजे गांडुळाची शंका उरत नाही. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके. त्यांस उजेड आणि अंधार एवढेच काय ते कळते. विषाचे नाव नाही. मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या, हा त्याचा आहार.

शास्त्रज्ञांनी मात्र ह्या गरीब प्राण्याचे गोत्र किती वेळा बदलावे! पॅट्रिक रसेल याने विशाखापट्टणकडील सापांची चित्रे १७९६ साली प्रसिद्ध केली. त्यांत ह्याचे तेलुगू नाव ‘दोन डोक्यांचा साप’ अशा अर्थाचे आहे. त्यावरून फ्रेंच पंडित दोदँ याने १८०३ साली ह्यास ‘ब्रामिनस’ ठरविले व बसविले कोठे, तर मांडुळाच्या ‘एरिक्स’ गोत्रात! पुढे ‘टिफ्लॉप्स’, मग ‘राम्फोटिफ्लॉप्स’, आणि २०१४ पासून ‘इंडोटिफ्लॉप्स’. ब्रामिनस हे नाव तेवढे कायम राहिले. आमच्या वाचकांच्या घरी ते ऐकून थोडे हसू येईल, पण त्यास इलाज नाही.

खरी अडचण पुढेच आहे. ह्या जातीत नर सापडत नाहीत. मादी नराविना अंडी घालते व त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. १९८७ साली असे दाखविण्यात आले, की तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. अशी रचना बहुधा दोन भिन्न जातींच्या संकरातून उद्भवते. तेव्हा ह्या कुळाचे आईबाप कोण, हा प्रश्न आलाच. जवळचे आप्त हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथे असल्याने माहेर इकडचेच असावे, असा तर्क आहे. एकच मादी वंश चालवू शकते. म्हणून रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून हा वाळा आफ्रिका, अमेरिका आणि महासागरांतील बेटे येथवर जाऊन स्थायिक झाला.

आता घाटाकडे वळू. सह्याद्रीच्या मातीत वाळ्याचे इतरही भाऊबंद आहेत. चोचीसारख्या मुस्कटाचा चंचुवाळा चांगला दोन फुटांपर्यंत वाढतो. बेळगावच्या नावाने ओळखला जाणारा, १८६४ साली यान याने वर्णिलेला ‘एक्सिग्युअस’ तर फारच क्वचित हाती लागतो. वरवर पाहता हे सर्व एकाच माळेचे मणी. भेद कळतो तो खवल्यांच्या ओळी मोजून. ब्रामिनसच्या अंगाभोवती ओळी वीस भरतात, चंचुवाळ्याच्या त्याहून बऱ्याच अधिक. म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशी भाताच्या बांधावर कुदळीखाली आलेला वाळा नेहमीचाच की दुर्मिळ, हे भिंगावाचून सांगणे कठीण; आणि ठेचलेल्या वाळ्यावरून तर मुळीच सांगता येत नाही. संकराचे कोडे सोडविण्यास ज्या आप्तांची तपासणी व्हावयास हवी, ते कदाचित आपल्याच मोरीत केरसुणीखाली मरत असतील.

म्हणून घरातील मंडळींनी एवढे करावे. वाळा दिसताच त्यास सुपलीत घेऊन परसातील ओल्या मातीत सोडावे. तत्पूर्वी शेजारी पट्टी ठेवून मुस्कटाचे बाजूने, शेपटीचे व मधल्या अंगाचे जवळून छायाचित्र घ्यावे, आणि गाव व तारीख त्यावर लिहून ठेवावी.