पिकअपचे बळ आणि फिरत्या घराचे वजन

उत्तर अमेरिकेच्या महामार्गांवर उन्हाळा लागला की लांबलचक पांढरी घरे धावू लागतात. ज्यांचा पुढचा भाग उंचावून पिकअप ट्रकच्या हौद्यावर झेपावलेला असतो आणि ज्यांत शयनगृह, स्वयंपाकघर, न्हाणीघर अशी संसाराची सर्व तजवीज असते, अशा या घरांना तिकडे ‘फिफ्थ व्हील ट्रेलर’ म्हणतात. विमानविद्येच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या ग्लेन कर्टिस याने १९२० च्या दशकात, मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे चाक आडवे बसवून त्यावर राहत्या घराचे टोक टेकविले, तेव्हापासून या वाहनप्रकाराचा इतिहास सुरू होतो. आज इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे त्याच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. जोडणीचे हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही, कारण न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेले ट्रेलरही अशाच किंगपिनच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालील जाड खुंटीच्या, आधाराने पुढच्या ट्रॅक्टरला जखडलेले असतात. फरक इतकाच की तेथे ओढणारे वाहन त्याच एका कामासाठी घडविलेले असते, आणि येथे ते काम घरच्या पिकअपकडून करून घ्यावयाचे असते. म्हणून कोणत्या पिकअपला कोणते घर शोभेल हा प्रश्न हौसेचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

साधा ट्रेलर बंपरच्या खालच्या गोळ्याला जोडतात, म्हणजे मागच्या आसाच्याही पुष्कळ मागे. फिफ्थ व्हीलचा किंगपिन मात्र हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे टेकतो. या एका बदलाने ट्रेलरचे डोलणे बव्हंशी नाहीसे होते आणि वळणावर तो पिकअपच्या मागोमाग निमूटपणे येतो. पण त्याची किंमत पिकअपला पाठीने चुकवावी लागते. बैलगाडीत माल मागे भरला तर गाडी उलाळ होते आणि पुढे भरला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते, हे जाणणाऱ्या माणसाला येथील मर्म सांगण्याची गरज नाही : साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडणीवर येतो, तर फिफ्थ व्हीलचा भार १५ ते २५ टक्के असतो आणि हिशेबासाठी जाणकार लोक २० टक्के धरून चालतात.

पिकअप विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र सदैव दुसराच आकडा नाचविला जातो, आणि तो म्हणजे ओढण्याच्या क्षमतेचा. हा आकडा खोटा नसतो. तो ठरविण्यासाठी जे२८०७ हे मानक आहे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते प्रथम अंगीकारले आणि पुढे इतर कंपन्यांनीही स्वीकारले. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळची सुमारे १८ किलोमीटरांची चढण भर उन्हात, वातानुकूलन यंत्र चालू ठेवून चढून जाण्याची कसोटी त्यात अंतर्भूत आहे. परंतु त्या कसोटीत पिकअपमध्ये केवळ दोन माणसे, तीही प्रत्येकी ६८ किलोंची, गृहीत धरलेली असतात. मुलेबाळे, कुत्रे, हौद्यातील हत्यारांची पेटी आणि जनित्र यांना त्या हिशेबात स्थान नाही.

खरा निर्णायक आकडा जाहिरातीत नसतो, तो चालकाच्या दाराशी असतो. दार उघडले की चौकटीच्या खांबावर टायरचा दाब सांगणारी, पिवळ्या रंगाची नोंद असलेली एक लहानशी चिकटपट्टी दिसते, आणि तिच्यावर स्पष्ट बजावलेले असते की प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलोग्रॅम अथवा अमुक पौंडांहून कदापि अधिक होता कामा नये. हाच त्या गाडीचा ‘पेलोड’. हा आकडा त्या एका विवक्षित गाडीचा असतो. एकाच नावाच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांत, एकीला काचेचे छत आणि जड आसने असली, तर शेकडो पौंडांची तफावत पडू शकते. म्हणून माहितीपत्रकावर विसंबून सौदा न करता, जी गाडी घ्यावयाची तिचेच दार उघडून ती पट्टी वाचावी.

एक उदाहरण घेऊ. पाऊण-टनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, चार दारांच्या डिझेल पिकअपच्या पट्टीवर १,०५० किलोंचा आकडा असू शकतो. तीच गाडी सात हजार किलोंचे घर ओढू शकते असे तिचे माहितीपत्रक सांगते, पण जड डिझेल इंजिनानेच तिच्या भारवहनाचा मोठा वाटा आधी खाऊन टाकलेला असतो. आता हौद्यातील हिच, म्हणजे किंगपिन पकडणारे जोडणीचे यंत्र, ८० किलो, चौघांचे कुटुंब २८० किलो आणि किरकोळ सामान ७० किलो वजा करा; उरतात ६२० किलो. हा २० टक्के भार मानला, तर पूर्ण भरलेल्या ट्रेलरचे वजन ३,१०० किलोंपर्यंतच असावयास हवे. विक्रेत्याच्या अंगणात मन ज्यावर बसते ते घर बहुधा याहून फार मोठे असते : ते ५,६०० किलोंचे असेल, तर किंगपिनवरच १,१२० किलो येतात आणि पिकअप आपल्या मर्यादेच्या ५०० किलो पलीकडे जाते. त्याच घराला १,८०० किलो पेलोडची एक-टनी गाडी सहज पुरते. आणि घर याहूनही मोठे असेल, तर मागे चार चाकांची ‘डुअली’ हाच राजमार्ग होय. ‘हाफ-टन टोएबल’ अशी चिठ्ठी लावून काही ट्रेलर विकले जातात. माझ्या मते ग्राहकाची याहून अधिक दिशाभूल करणारी चिठ्ठी दुसरी नसेल, कारण अर्धा-टनी गाडीला ते घर ओढता येते एवढेच ती सांगते आणि पेलण्याविषयी मौन पाळते.

ट्रेलरच्या बाजूनेही आकडे पारखून घ्यावे लागतात. पत्रकात छापलेला जोडणीवरील भार हा रिकाम्या ट्रेलरचा असतो. कपड्यांचे कपाट, सामानाचे तळघर आणि पुष्कळदा बॅटऱ्या व गॅसच्या टाक्याही आसांच्या पुढे असल्यामुळे, संसार भरला की त्या वजनाचा मोठा भाग पिकअपच्या पाठीवर जातो. सव्वादोनशे लिटरांची पाण्याची टाकी भरली की सव्वादोनशे किलो वाढले; ती टाकी पुढे आहे की मागे, हे खरेदीपूर्वी वाकून पाहिले पाहिजे. मागच्या भागात मोटारसायकली ठेवण्याची सोय असलेल्या ट्रेलरचे गणित तर उलटे असते : मागची खोली रिकामी असताना किंगपिनवरील भार अधिक आणि ती भरल्यावर कमी. त्यामुळे हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल अनुज्ञेय वजनावरूनच करावा. मागे दबलेली पिकअप हवेच्या पिशव्या बसवून समतल दिसू लागते, पण आस, टायर आणि ब्रेक यांचे सामर्थ्य त्याने तिळमात्र वाढत नाही.

हौद्याची लांबीही पाहावी. आठ फुटी हौद्यात सहसा अडचण येत नाही. साडेसहा किंवा त्याहून आखूड हौद्यात मात्र काटकोनी वळण घेताना ट्रेलरचा कोपरा चालकाच्या मागच्या काचेवर आदळू शकतो, म्हणून तेथे मागे सरकणारी हिच लावतात. हौद्याच्या काठाला आणि ट्रेलरच्या पोटाला खड्ड्यात परस्परांशी भिडू न देण्यासाठी साडेपाच-सहा इंचांचे अंतर राखावे.

इंजिन निवडताना उंच घाटांचाही विचार करावा लागतो. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या पश्चिमेची उतरण सात टक्क्यांपर्यंत आहे. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन तेथे विरळ हवेमुळे सुमारे तृतीयांश शक्ती गमावते. टर्बो असलेल्या डिझेलला ही झळ फारशी लागत नाही, आणि उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक चाकांचे ब्रेक तापण्यापासून वाचवितो. डोंगराळ मुलुखात वारंवार जाणाऱ्याने डिझेलचा अधिक खर्च सोसावा, पण पेलोडमधील घट विसरू नये. इंजिन कोणतेही असो, जोडणी करताना हिचचे जबडे किंगपिनच्या बारीक गळ्याभोवती पूर्ण मिटले आहेत की पिन त्यांच्या वरच टेकली आहे, हे विजेरी घेऊन खाली वाकून पाहावे. मग ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेवून पिकअप हळूच पुढे ओढून पाहावी, आणि ट्रेलर निसटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार पिकअपला पक्की अडकविली आहे याची खात्री करावी.

परवान्याचा कायदा राज्यागणिक भिन्न आहे. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून जड फिफ्थ व्हीलसाठी परवान्यावर विशेष नोंद लागते आणि १५,००० पौंडांपलीकडे निराळा, बिगर-व्यावसायिक ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो. त्या राज्यात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी सौद्यापूर्वीच याची चौकशी केलेली बरी.

कागदावरचा हिशेब शेवटी काट्यावर तपासून घ्यावा. अमेरिकेत १९७७ पासून ‘कॅट स्केल’ या नावाचे वजनकाटे मालमोटारींच्या थांब्यांवर आहेत. त्यांच्या तीन फलाटांवर पिकअपचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची निरनिराळी वजने मिळतात. पाणी, गॅस, सामान आणि घरची माणसे यांसह एकदा जोडून वजन करावे, मग ट्रेलर सोडून, तीच माणसे व तेच सामान पिकअपमध्ये ठेवून, तिचे एकटीचे करावे. पिकअपच्या दोन्ही आसांच्या बेरजांतील फरक हाच किंगपिनवरचा खरा भार. जोडलेल्या अवस्थेतील बेरीज दाराच्या खांबावर लिहिलेल्या एकूण मर्यादेशी आणि मागच्या आसाचे वजन त्याच्या स्वतंत्र मर्यादेशी ताडून पाहावे. आणि जुना ट्रेलर घेत असाल, तर विसार देण्यापूर्वीच तो काट्यावर नेऊन असे वजन करण्याची परवानगी विक्रेत्याकडून मागून घ्यावी.