बाबांच्या घड्याळाची काच

प्रत्येक घरात एक खण असा असतो की ज्यात कामाचे काही नसते आणि तरीही तो रिकामा करण्याचे धाडस कुणाला होत नाही. आमच्याकडे तो माझ्या टेबलाचा खालचा खण. गेल्या उन्हाळ्यात नातीने तो उपसला आणि जुनी पासबुके, वाळलेली पेने, कुलूप हरवलेल्या किल्ल्या यांच्या तळातून बाबांचे एचएमटी जनता बाहेर काढले.

"आबा, याच्या काचेवर धुकं पडलंय," ती म्हणाली.

धुके खरेच होते. काचेला आडवी चीर आणि आत पांढुरका थर, त्यामुळे अर्धी तबकडी दिसतच नव्हती. ते धुके कुठून आले हे घरात फक्त मला ठाऊक होते.

बाबा आर्वीला शिक्षक होते. पुलगाव-आर्वी छोटी गाडी तेव्हा चालू होती. ती कधी वेळेवर येई, कधी नाही; बाबा मात्र तिच्या वेळेआधी पंधरा मिनिटे स्टेशनवर हजर. १९८२ साली मला बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी हातातले घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधले. "कॅशवर बसणाऱ्यानं दुसऱ्याला वेळ विचारू नये," एवढेच म्हणाले. स्वतः पुढे शाळेच्या घंटेवर आणि रेडिओवर वेळ भागवली. सुटीत घरी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "चावी देतोस ना रोज?"

१९९२ मध्ये बदलीच्या गावी स्ट्राँगरूमच्या दारावर हात आपटला आणि काच तडकली. तिथल्या एका दुकानात दहा मिनिटांत झटपट चिकटणारा गम लावून मिळाला. चार दिवसांत आतून पांढरे साचू लागले. तोवर माझ्याकडे सेलवरचे नवे घड्याळ आले होते. जनता खणात गेले. बाबा विचारीत, मी "चालू आहे" म्हणून सांगे. १९९७ मध्ये ते गेले. छत्तीस वर्षे बँकेत काढली, लेजरात कधी खोटी नोंद केली नाही. ही एक मात्र केली.

आजच्या मुलांना सांगायला हवे की हे घड्याळ म्हणजे काय होते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ ची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला तिचा घड्याळांचा कारखाना निघाला आणि पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर आली. जनता हे त्यातले साध्या माणसाचे. १७ ज्युवेलचे, रोज चावी द्यायचे. लग्नात जावयाला एचएमटी कबूल करून नंतर रुसवेफुगवे झालेली घरे आमच्या माहितीत आहेत. पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली, टायटन आले, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

वर्ध्याच्या माणसाने घड्याळावर लिहावे आणि सेवाग्रामचे नाव येऊ नये, असे होत नाही. १९३६ साली बापू तिथे राहायला आले. त्यांच्या कमरेला लटकणारे घड्याळ फोटोत सगळ्यांनी पाहिले आहे. मार्च २००९ मध्ये त्यांचे एक झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला आणि थाळी-वाटी न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरला गेली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. असो. आमच्या जनताला अठरा रुपये तरी कोण देणार होते!

तर मी ते घेऊन वर्ध्याच्या बाजारात एका जुन्या घड्याळवाल्यांकडे गेलो. वय सत्तरीपुढे, डोळ्याला भिंग, समोर काचेचे कपाट. त्यांनी घड्याळ उजेडात तिरपे धरले.

"हा गम कोनं लावला जी?"

मी गाव सांगितले नाही. ते म्हणाले, असा गम वाळताना त्याची वाफ निघते, बंद जागेत ती काचेला आणि तबकडीला पांढरी होऊन चिकटते. "काचेवर असन तर काच फेकू. तबकडीवर असन तर मंग तुमचं नशीब."

मी बाकावर बसून राहिलो. तपासणीला ऑडिटर आले तेव्हाही पोटात असे कालवले नव्हते.

पात्याने मागचे झाकण उघडले. चावी दांडीसकट निघाली, मग मशीन तबकडीसह हलकेच हातात आले आणि लगेच एका वाटीखाली झाकले गेले. रिकाम्या चौकटीतून काच आतून अंगठ्याने दाबली तरी हलेना. शेवटी चौकट अॅसिटोनमध्ये बुडवली. हेच अॅसिटोन बायका नखांचा रंग काढायला वापरतात. गम सैल झाला, पण खाच पुन्हा पुन्हा लाकडी काडीने साफ करावी लागली. तिथे कण जरी राहिला तरी नवी काच सरळ बसत नाही.

आपण काच म्हणतो, पण ते असते प्लास्टिक. ओरखडे पटकन पडतात, उन्हाने पिवळे पडते, पण फुटून तुकडे उडत नाहीत. बारीक ओरखडा ब्रासोने घासला की जातोही. भाऊंनी खाच कॅलिपरने मोजली आणि खोक्यातून पुड्या काढल्या. प्रत्येक पुडीवर आकडा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या फरकाने. काच खाचेपेक्षा केसभर मोठीच घ्यायची. लहान घेतली तर धूळ-ओल आत जाते, फार मोठी घेतली तर कडेला काही दिवसांनी बारीक चिरा पडतात. फुगवटाही पाहायचा, तो कमी पडला तर सेकंदकाटा वर घासून घड्याळ बंद पडते.

मग त्यांनी एक अवजार काढले. गोल, आतल्या बाजूला खेकड्यासारख्या नख्या. वरचे चाक फिरवले की नख्या काचेला चहूबाजूंनी आवळतात, काच मध्ये फुगते आणि तिचा घेर तेवढ्यापुरता कमी होतो. तशीच ती चौकटीत ठेवायची आणि चाक उलटे फिरवायचे. काच पसरते आणि खाचेत स्वतःच घट्ट बसते. गम नाही, काही नाही. सगळे मिळून अर्धे मिनिट. बत्तीस वर्षांपूर्वी हे अर्धे मिनिट मी कुणाकडे मागितले असते तर!

वाटी उचलली. तबकडी जवळजवळ स्वच्छ होती. 'जनता' ही अक्षरे तशीच. फक्त पाचाच्या आकड्याजवळ नखाएवढा पांढरा डाग.

"हा पुसता येईल?"

"पुसला तं आकडाबी जाईन."

"तबकडी नवी रंगवून घेतली तर? मुंबईत करतात म्हणे."

त्यांनी भिंग काढले. "करते ना. लाल म्हणा, हिरवी म्हणा, पायजे तशी करून देते. मंग नवंच घ्या ना जी, हे कायले?"

मी गप्प बसलो. रबरी फुंकणीने त्यांनी धूळ उडवली, मशीन आत बसवले, झाकण दाबले, चावीला आठ-दहा पीळ दिले आणि घड्याळ माझ्या कानाला लावले. दीडशे रुपये घेतले. जुनी काच कागदात गुंडाळून दिली आणि बजावले, "आंघोळीच्या येळी काढत जा. पाण्याचं नाही हे."

घरी नातीने ते हातात घालून पाहिले. पट्ट्याला दोन भोके जास्तीची पाडावी लागणार. तिची नजर बरोबर पाचाजवळ गेली. "हा डाग कशाचा?" मग मी तिला स्ट्राँगरूमच्या दारापासून सगळे सांगितले, बाबांना काय सांगत होतो तेही. सौ. पोळ्या लाटत ऐकत होती. "म्हणजे बाबांना शेवटपर्यंत तुम्ही..." एवढे म्हणून ती पुन्हा पोळीकडे वळली.

रात्रीच्या बातम्यांशी वेळ जुळवून पाहिली. चार मिनिटे पुढे पळते आहे. सोमवारी पुन्हा भाऊंकडे जायचे आहे.