आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया विकायचाय? व्यवहाराआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या तोंडावर सानगडीहून मामाचा फोन आला. आजीची जुनी पेटी उघडली तेव्हा तळाशी एका फडक्यात बांधलेले 11 चांदीचे रुपये सापडले होते. मामाचा प्रश्न सरळ होता, "पोरी, फेसबुकवर एकजण एका रुपयाचे 3 लाख देतो म्हणते. आधी 2,500 भरा म्हणते. भरू का?"

नशीब की त्याने भरायच्या आधी विचारलं.

भंडारा जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रातल्या हजारो घरांत असे रुपये आहेत. कुणाकडे ते लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात, कुणाकडे माळेत ओवलेले आहेत. मुलीचं लग्न, दवाखाना, बियाणं-खत, अशी गरज पडली की ते विकायला निघतात. घेणारा बहुतेक वेळा ओळखीचा किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा असतो. विकणाऱ्याला मात्र आपल्या हातात नेमकं काय आहे, हेच माहीत नसतं.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊया.

आधी बघा, रुपया कोणता आहे?

1835 साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच. त्यात चांदी 91.67 टक्के. पुढे राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांतही हेच प्रमाण राहिलं.

1940 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, सरकारने सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आणली. वजन तेच, आकार तोच, चांदी जवळपास निम्मी. 1947 चा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. तो लोहचुंबकाला चिकटतो.

थोडक्यात:

- 1835 ते 1939 चा रुपया: शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम
- 1940 ते 1945 चा रुपया: शुद्ध चांदी सुमारे 5.83 ग्रॅम
- 1947 चा रुपया: चांदी शून्य

हिशेब सोपा जावा म्हणून समजा, चांदी 200 रुपये ग्रॅम आहे. मग पहिल्या प्रकारच्या रुपयात 2,138 रुपयांची चांदी झाली आणि दुसऱ्यात 1,166 रुपयांची. आता कुणी "सगळे सरसकट 1,200 ने घेतो" म्हणाला, तर राणीछाप रुपया विकणारा जवळपास निम्म्या किमतीत देऊन बसतो. उलट घेणाऱ्याने सगळ्यांना 2,000 मोजले, तर 1944 च्या रुपयात तो बुडतो. साल वाचलं नाही की दोघांपैकी एकजण फसतोच, मग कुणाच्या मनात खोट असो वा नसो.

मामाच्या 11 रुपयांत 6 राणीचे, 3 पाचव्या जॉर्जचे आणि 2 सहाव्या जॉर्जचे, 1944 चे निघाले.

जुनं म्हणजे दुर्मिळ?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

राणीचा 1862 चा रुपया घ्या. साल ऐकूनच लोकांना तो लाखाचा वाटतो. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं टाकसाळीतून बाहेर पडणाऱ्या रुपयांवर 1862 हेच साल छापलं जात होतं. त्यामुळे हे रुपये भरपूर आहेत. साधारण अवस्थेतल्या नाण्याला चांदीच्या किमतीवर थोडंफार जास्त मिळतं, इतकंच.

काही नाण्यांना मात्र संग्राहक खरंच वेगळा भाव देतात. पाचव्या जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून नाराजी झाली आणि 1912 पासून चित्र बदललं. तो 1911 चा रुपया आजही शोधला जातो. 1939 चा रुपया तर फारच कमी मिळतो, म्हणून 1938 च्या नाण्यात 8 चा 9 करून विकण्याचे प्रकार होतात. असा रुपया समोर आला तर शेवटचा आकडा भिंगातून बघा.

विदर्भात आणखी एक प्रकार मिळतो, नागपूरकर भोसल्यांच्या काळातली नाणी. ही हाताने ठोकलेली, जाड, कडा वाकड्यातिकड्या आणि वर मुघल बादशहाच्या नावाने फारसी अक्षरं. 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी राज्य खालसा केलं. ही नाणी दिसायला ओबडधोबड, म्हणून मोडीत जातात. तसं करू नका, आधी जाणकाराला दाखवा.

खरं की खोटं, घरी कसं ओळखायचं?

चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. पण तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाची परीक्षा एकटी पुरेशी नाही. नाणं वाजवून बघायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. खरा रुपया लांब, बारीक खणखणतो, शिशाचा बद्द वाजतो. पण त्याला सरावलेला कान लागतो.

सगळ्यात भरवशाची घरगुती परीक्षा पाण्याची आहे. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा त्यासाठी पुरतो.

1. नाणं कोरडं तोला. न झिजलेला रुपया 11.66 च्या आसपास येतो, झिजलेला थोडा कमी.
2. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा.
3. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, बाजूला लागू देऊ नका.
4. काट्यावर जो आकडा येईल, त्याने कोरड्या वजनाला भागा.

1939 पर्यंतच्या रुपयाचं उत्तर साधारण 10.3 येतं, म्हणजे पाण्यातला आकडा 1.13 च्या जवळपास. पितळेचं नाणं असेल तर उत्तर साडेआठच्या आसपास राहतं. नाण्याला ओरखडासुद्धा न पडता उत्तर मिळतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. विकण्याआधी नाणं चिंच, लिंबू किंवा पावडर लावून घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो. माळेसाठी कडी डाकलेली किंवा भोक पाडलेली नाणी बहुतेकदा चांदीच्या भावानेच जातात.

कायदा काय म्हणतो?

वाडवडिलांकडून आलेली नाणी विकायला बंदी नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, जमिनीत सापडलेलं नाणं. जुन्या घराचा पाया खणताना किंवा शेत नांगरताना मडकं लागलं, तर ते "ज्याला सापडलं त्याचं" नसतं. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्यातला वाटाही जातो. कळवलं आणि मूळ मालक निघाला नाही, तर कायद्यात सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा सांगितला आहे. सरकारने ते धन घ्यायचं ठरवलं, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेतं. मार्च 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत बांधकामाच्या जागी सापडलेली 216 सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली होती, कारण ती सापडल्यावर कळवली नव्हती.

दुसरी, 100 वर्षांहून जुनं नाणं. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार असं नाणं पुरावशेषात मोडतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. परदेशातला कुणी "कुरिअर करा" म्हणाला, तर थेट नाही म्हणा.

तिसरी, चोरीचा माल. माहीत असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "खोदकामात सापडलेत, गुपचूप घ्या, स्वस्तात देतो" हे वाक्य ऐकलं की उठून निघा. यात बहुतेकदा पहिलं नाणं खरं दाखवतात आणि पिशवीभर खोटी गळ्यात मारतात. आणि खरी असली, तरी वरचा 1878 चा कायदा आहेच.

व्यवहार करताना

- दोघांच्या ओळखीच्या सराफाकडे, दिवसा भेटा. वजन दोघांसमोर होऊ द्या.
- साध्या कागदावर लिहा: तारीख, दोघांची नावं आणि सह्या, प्रत्येक नाण्याचं साल आणि वजन, ठरलेली रक्कम. दोन्ही बाजूंचे फोटो काढा.
- एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्यात त्याला मनाई आहे.
- यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला लावत असेल, तर तुमचेच पैसे जाणार आहेत.
- पैसे आल्याचा समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका. स्वतःच्या खात्यात बघा.

आणि "आधी फी भरा" वाल्यांबद्दल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं की ती अशा खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तरी आजही रिझर्व्ह बँकेच्या नावाचं खोटं पत्र पाठवून नोंदणी, जीएसटी, विमा असे एकेक हप्ते मागितले जातात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मग मामाने काय केलं?

2,500 भरले नाहीत. पाण्याची परीक्षा आम्ही व्हिडिओ कॉलवर केली, 11 च्या 11 खरे निघाले. 1944 चे दोन आणि कडी डाकलेले चार, असे सहा त्याने साकोलीला ओळखीच्या सराफासमोर गावातल्याच एका माणसाला विकले, प्रत्येकाचा हिशेब सालाप्रमाणे वेगळा करून. लाख मिळाले नाहीत. रोवणीची मजुरी मात्र निघाली.

उरलेले पाच पुन्हा त्याच फडक्यात बांधून ठेवलेत. सोबत आता एक चिठ्ठी आहे, त्यावर प्रत्येकाचं साल आणि वजन लिहिलंय. पुढे कुणाला ते विकायची वेळ आली, तर निदान आपण काय विकतोय हे त्याला माहीत असेल.